मारुतीची कुंडली

जुनी मारुती घेण्याआधी गंगाधर सरांनी मुंबईच्या एका कंपनीकडून तिची कुंडलीच मागवली. कॉम्प्युटरवर छापून आलं: मालक एकच, पोलादपूरकडचे डॉक्टर. अपघात नाही, इंजिन ठणठणीत, गाडी एकदाही वाटेत बंद पडलेली नाही.

"माझी पत्रिका बघतानासुद्धा तुम्ही एवढी चौकशी केली नव्हती," गोदावरी हसली. "त्यापेक्षा तिकडच्या चार माणसांना विचारायचं."

"अगं, माणसं थापा मारतात. कॉम्प्युटर मारत नाही."

रविवारी दोघं मोठ्या दिमाखात तिच्या माहेरी, उमरठला निघाले. महाड सुटलं, पोलादपूर मागे पडलं, गाडी लोण्यासारखी पळत होती. "बघ, म्हटलं नव्हतं?" असं सर वाटेत तीनदा तरी म्हणाले. कापड्याच्या चढावर त्यांनी चहाच्या टपरीसमोर गाडी थांबवली, चावी काढली आणि ऐटीत दोन कटिंग सांगितले.

टपरीवाल्या भैरूने गाडीकडे एकदा पाहिलं आणि आत हाक दिली, "उठा रे, डॉक्टरांची गाडी आली हाय!"



तसे चार गडी हातातले कप खाली ठेवून उठले आणि बाह्या सरसावत, गाडीला मागून हात टेकून उभे राहिले.