प्रबुद्धचा बेस

आदेशनं बॉनेट उघडून आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडवली. मग बॅटरीकडून डिकीतल्या अँप्लिफायरकडं गेलेली लाल वायर तो बोटांनी चाचपत गेला आणि पत्र्याच्या भोकापाशी थांबला. तिथं वरचं प्लास्टिक घासून आतली तार उघडी पडली होती.

"काका, कुणी बसवलं हे?"

"पोरानं. प्रबुद्धनं," हनुमंत म्हणाले. आणे गावातून आळेफाट्याला आदेशच्या गॅरेजपर्यंत गाडी त्यांनीच आणली होती, भीत भीत. मागच्या सीटवर त्यांची तरुण मुलगी तेजस्विनी काचेला डोकं टेकून बसली होती.

"त्याला सांगा, फ्यूजच नाय लावलेला. ही तार पत्र्याला टेकली असती तर गाडी पेटली असती. आतल्या माणसाला उतरायला पण सवड मिळाली नसती."

"आता काय सांगनार त्याला? दिवाळीच्या तोंडावर गेला. मोटारसायकलवर व्हता."

वायर आदेशच्या हातात तशीच राहिली. तो म्हणाला, "मग काढूनच टाकू का सगळं?"

"काढू नको राव. हिच्यासाठीच आलोय." हनुमंतांनी मुलीकडं बघितलं. "हिला ऐकू येत न्हाई. जन्मापासून. त्यो गाणं लावायचा आन हिचा हात त्या डिकीतल्या बॉक्सावर ठेवायचा. तेवढं हिला कळायचं. मी लई बोलायचो त्याला, सगळी वस्ती उठवतो म्हनून. त्यो गेल्यापासून ही रोज गाडीत जाऊन बसती. परवा जळका वास आला आन सगळंच बंद पडलं."

"ही आत व्हती?"

"आतच व्हती."

आदेशनं जुनी वायर ओढून काढली. नवी, जाड वायर टाकली, पत्र्याच्या भोकात रबराचं बूश बसवलं, बॅटरीला लागूनच फ्यूज लावला. अर्थिंगच्या जागेवरचा रंग खरवडून लोखंड उघडं केलं आणि बोल्ट आवळला. मग डिकीतला बॉक्स उघडला.

"दोन्ही सबवूफर समांतर जोडलेत, काका. या अँपला तेवढा लोड झेपत नाय, म्हणून तापून बंद पडला. मी एकामागं एक जोडतो. अँप थंड राहील. पण बेस कमी होईल, आधीसारखा दणका नाय बसायचा."

"हिला कळंल ना?"

"ते लावल्यावरच समजंल."

हनुमंतांनी कपाळावरचा घाम पुसला. "कर तसंच. ही तरी राह्यली पायजे."

निगेटिव्ह परत जोडून आदेशनं आपल्या मोबाइलवरचं एक हिंदी गाणं लावलं. तेजस्विनी खाली उतरून डिकीपाशी आली. तिनं बॉक्सावर दोन्ही तळवे ठेवले. थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग मान हलवून हात काढून घेतले.

"न्हाई कळत तिला," हनुमंत हळूच म्हणाले.

आदेशनं आवाज थोडा वाढवला. तिनं पुन्हा मान हलवली. पुढचं दार उघडून तिनं डॅशबोर्डच्या कप्प्यात हात घातला, आणि एक पेनड्राइव्ह काढून आदेशसमोर धरला.

आदेशनं तो लावला; त्यात प्रबुद्धनं भरून ठेवलेली जयंतीच्या मिरवणुकीतली गाणी होती. पहिल्याच ठेक्याला तिनं परत बॉक्सावर तळवे टेकवले. मग गालही टेकवला आणि डोळे मिटले. बघता बघता तिचे खांदे हलायला लागले.

"त्याच्या मातीच्या दिवशी बी रडली न्हवती," हनुमंत म्हणाले आणि गाणं बंद करायला पुढं झाले. तिनं डोळे न उघडताच त्यांचं मनगट धरलं आणि त्यांचा तळवा बॉक्सावर दाबून ठेवला. लाकूड हलकंसं थरथरत होतं. हनुमंतांनी हात काढला नाही.

एकामागून एक गाणी वाजत राहिली. दुसरं गिऱ्हाईक आलं, त्याला आदेशनं हातानंच थांबायला सांगितलं.

शेवटचं गाणं संपलं. लाकडाची थरथर थांबली. पुढचं लागेल म्हणून तेजस्विनी डोळे मिटून तशीच थांबली. संपलं, हे तिला सांगायला दोघांपैकी कुणाचाच हात उचलेना.