शिवेवरचा गाडा

"सुभाना, ढकल की! थांबलास कशाला?"

मिठाच्या तांड्याबरोबर जुलाब-उलट्यांची पटकी गावात आली आणि घराघरात शिरली. रिवाज असा, की मरीआईला लाकडी गाड्यात बसवून पुढच्या गावाच्या हद्दीत सोडायचं, म्हणजे रोग तिच्यामागं निघून जातो. वाटेवरच्या प्रत्येक गावानं तेच केलं होतं. आज सगळे वाजतगाजत शिवेच्या दगडापर्यंत आले. शेवटचा धक्का द्यायचा मान सुभानाचा होता.

दगडापलीकडं त्याच्या लेकीचं सासर होतं. तिथं पाळण्यात तान्हा नातू होता.

सुभानानं गाडा फिरवला आणि एकट्यानं उजाड माळावर ओढत नेला. "आई, इथंच राहा. न्यायचंच तर मला ने."

"कोप होईल रे! आता गावात पाऊल टाकू नकोस!" ओरडत सगळे माघारी पळाले.

सुभाना गाड्याशेजारीच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको येसू आली, लांब एका दगडावर भाकरी ठेवून उभी राहिली. त्यानं भाकरीकडं पाहिलंसुद्धा नाही. "पोटात ढवळतंय," एवढंच म्हणाला. येसूनं गाड्यातल्या आईला हात जोडले.

पुढच्या सकाळी ती आली, तर तो आधीच त्या दगडापाशी येऊन उभा. भाकरी त्यानं उभ्याउभ्याच संपवली, रिकामं फडकं झटकलं आणि खेकसला, "एवढीच? एका भाकरीनं काय होतंय माझं?"

येसूला हसू फुटलं आणि रडूही.

"वरडा," ती म्हणाली. "आणखी वरडा."