चमकीचे फोटो

धाकटीनं भावाच्या नाकावरची चांदणी पुसली आणि ती स्वतःच्या कपाळाकडे वळली. तिथे तीन होत्या. स्क्रीनवर फोटो मोठा करून ती एकेका चांदणीच्या जागी शेजारचीच कातडी उचलून बसवत होती. जाहिरात कंपनीत ती हेच करायची, लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग आणि सुरकुत्या घालवायची. वडिलांच्या खुर्चीत बसून वडिलांचेच प्रताप निस्तरायची वेळ येईल, असं मात्र तिला कधी वाटलं नव्हतं.

वडील जाऊन आठवडा झाला होता. भिंतीवर लावायला त्यांचा एक धड फोटो मिळेना. होता तो हाच, गेल्या सुट्टीतला. सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसलेत आणि आईच्या खुर्चीमागे उभे राहून वडील मनापासून हसताहेत. पण त्यावरही चमकी होतीच. निवृत्तीनंतर त्यांचा वेळ जावा म्हणून फोटोवर चमचमत्या चांदण्या टाकायचं हे प्लगइन धाकटीनंच त्यांच्या कॉम्प्युटरवर घालून दिलं होतं. माणसाला नाद लागावा तर किती! तेव्हापासून घरातला एक फोटो म्हणून त्यांनी सोडला नाही. शिवाय मूळ फोटो वेगळा ठेवायचा असतो, हे काही त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. चांदण्या टाकायच्या आणि त्याच्यावरच सेव्ह करायचं.

घरच्यांच्या ग्रुपवर हे फोटो येऊन पडायला लागले, तेव्हा भावानं ते हसण्यावारी नेलं. धाकटीच्या मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा. तिच्या मुलीच्या शाळेच्या पहिल्या दिवसाच्या फोटोत तर पोरीचा चेहराच चांदण्यांत बुडाला होता. ती फोनवर फणकारली, "बाबा, हा काय बाजार मांडलाय? ऑफिसातले लोक हसतात मला."

वडील म्हणाले, "असू दे गं. तुझ्या आईला बरं वाटतं."

काय ही आईची आवड, म्हणून धाकटीनं कपाळावर हात मारून घेतला होता आणि ग्रुपचा आवाज बंद करून टाकला होता. आज ते आठवून तिला गलबलून आलं. दोन शब्द गोड बोलायला आपलं काय जात होतं, हे तिला कळेना. म्हणूनच हा फोटो तिला अगदी स्वच्छ करून हवा होता. वडिलांसाठी करण्यासारखं तिच्या हाताशी आता तेवढंच उरलं होतं.

दुपार कलली तेव्हा फोटो लख्ख झाला. कुणाच्याही अंगावर चमकीचा कण राहिला नाही. तिनं आईला हाक मारली. आठवडाभर आई बाहेरच्या खोलीत एकाच खुर्चीत बसून होती. घरात माणसांचा राबता होता. कुणी ना कुणी तिच्या हातात चहाचा कप देत होतं, जेवायला बसवत होतं. दुःखानं खचली आहे, असं सगळेच म्हणत होते. आता ती भिंतीला हात लावत लावत आली आणि धाकटीच्या शेजारी टेकली.

"बघ, कसा झालाय."

आईनं चेहरा स्क्रीनजवळ नेला. मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली.

"लावलास का फोटो?" तिनं विचारलं. "की अजून यायचाय?"

धाकटीनं वळून तिच्याकडे पाहिलं. "आई, तुला दिसत नाही?"

"माणसाचं तोंड दिसत नाही गं. दोन वर्षं झाली. मध्ये नुसता काळा डाग. कडेकडेचं दिसतं, तेही झगझगीत असेल तरच. डॉक्टर म्हणाले, आता याला इलाज नाही. तुम्ही दोघं लांब, तुमच्या जिवाला घोर नको म्हणून यांनी सांगू दिलं नाही. सुट्टीत आलात तेव्हा सारखा माझा हात धरून होते, तर तुम्हाला वाटलं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय." आई किंचित हसली. "मग यांनी ही युक्ती काढली. तुझ्या दादाला एक चांदणी, तुला तीन, आणि तुझ्या पिल्लूला तर नुसत्या ओतायच्या. फोटो झगमगला की मला बरोबर कळायचं, कोण कुठं आहे. मग हे एकेकाचं सांगत बसायचे. ही हसतेय, हिनं केस कापलेत, ही जरा वाळलीय."

सकाळपासून बसून तिनं आईसमोरून एकेक माणूस नाहीसा केला होता. तिनं डोळे पुसले आणि माउस हातात घेतला.

"मी परत टाकते, आई. होत्या तशाच्या तशा टाकते सगळ्यांना."

"टाक. आणि या वेळी यांनाही टाक."

तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं, की दिवसभरात वडिलांच्या चेहऱ्यावरून तिनं काहीच पुसलं नव्हतं.

"बाबा स्वतःला का नाही लावायचे?"

"मी म्हणायची की, तुम्हालाही एखादी लावा," आई म्हणाली. "तर म्हणायचे, मला कशाला हवी चांदणी? मी तर तुझ्या शेजारीच बसलोय."