दोन जेवणांचा प्रवास

"निघाला का गं तो?" डोळे न उघडताच म्हातारीने विचारलं.

"निघाला," तिची लेक मी-सुक म्हणाली आणि आईचे पाय चोळत राहिली.

तिचा भाऊ थे-ग्युन निघाला नव्हता. व्हँकुव्हरहून सकाळीच त्याचा फोन आला होता. या आठवड्यात जमणार नाही, दुकानाची नवी शाखा उघडतेय, तू आईला सांभाळ. सांभाळ म्हणे! आपला शेवयांचा गाळा बंद करून कोरियातल्या इंचॉनच्या या दवाखान्यात बहीण दुसरं काय करत होती? विमानतळ जवळच. खिडकीबाहेर विमान उतरलं की म्हातारी कान टवकारायची.

"कालही निघालाच होता," म्हातारी म्हणाली.

मी-सुकचे हात थांबले.

"मी जाऊन आलेय तिकडे. नातू झाला तेव्हा, बाळंतिणीला सूप करून घालायला समुद्री शेवाळाची जुडी घेऊन. विमानात दोनदा जेवण दिलं, एक झोप झाली, की पोचलो. मला शिकवतेस?"

मी-सुकने मान खाली घातली. आता आई भावाच्या नावाने बोटं मोडेल, असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर तिला तेच हवं होतं. एकदा तरी.

म्हातारी मात्र शेजारच्या रिकाम्या खाटेकडे बघत होती. तिथली बाई गेल्या आठवड्यात गेली. मुलगा ब्राझीलहून आला, तो सगळं आटोपल्यावर. आईच्या शेवटच्या घटकेला उशाशी नसलेल्या मुलाला एरवी जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. पण त्याला कुणी चकार शब्द बोललं नाही. उलट वॉर्डातल्या बायकांनी त्याच्याच पाठीवरून हात फिरवला. बिचारा, किती लांबून आला!

"ब्राझीलहून यायला किती जेवणं लागतात गं?"

"कोण जाणे. पाच, सहा. मध्ये विमानही बदलावं लागतं."

"मग असं कर." म्हातारीने तिचं मनगट धरलं. पकड अजून घट्ट होती. "मी गेल्यावर माझ्या तसबिरीपुढे वाकायला येतील तेव्हा तुझे काका विचारतीलच, थे-ग्युन वेळेवर का नाही आला म्हणून. सांग, कामासाठी ब्राझीलला गेला होता. तिथून कुणाच्यानेच पोचवत नाही. माझ्या पोराला कुणी नावं ठेवायला नकोत."

"सांगेन." मी-सुकने रागाने मनगट सोडवून घेतलं. "आणि माझं काय सांगू, आई?"

म्हातारीला प्रश्नच कळला नाही.

"तुझं काय सांगायचं? तू तर इथेच होतीस."