पाइपाचं तोंड

ड्रायर काही केल्या टेम्पोत चढेना. चौघे जण घामाघूम झाले, टेम्पोवाला करवादला, आणि शालनबाईंना मनातून वाटत होतं, नकोच चढू दे.

मांडीवर कुरडयांचा डबा घेऊन त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. चिखलीतलं त्यांचं घर, शेजारी त्यांचीच पत्र्याची शेड. शेडमध्ये ज्योतीराम आणि वर्षाली या लातूरकडच्या नवराबायकोची लाँड्री होती. चाकणच्या कंपन्यांचे निळे युनिफॉर्म यायचे, धुऊन गॅसवरच्या या ड्रायरमध्ये वाळवून परत जायचे. आज ती शेड रिकामी होत होती.

"ज्योतीराम, अरं वर बघ की एकदा," शालनबाई म्हणाल्या.

शेडच्या भिंतीतून नवाकोरा पाइप निघून सरळ गच्चीच्याही वर गेला होता. तोंडावर पावसासाठी टोपी होती, पण कपड्यांचं तूस अडकून बसेल अशी जाळी कुठेही नव्हती. लेकाच्या, दादासाहेबांच्या खनपटीला बसून शालनबाईंनी तो परवाच बसवून घेतला होता.

"मेकॅनिक म्हनला, आता धूर, वाफ, समदं आभाळात जाईल. आत कायबी राहनार न्हाई. ऱ्हावा की रं हितंच."

"चांगलं केलंत, आज्जी." ज्योतीरामने वर बघितलं आणि लगेच मान खाली घातली. "पुढच्याला उपयोगी पडंल. मी चाकणला कंपनीत लागलोय. ड्रायर पिंपळे गुरवचा एकजण घेतोय."

पुढच्याला! शालनबाईंनी डब्याचं घट्ट बसलेलं झाकण उगाच आणखी दाबलं.

जुना पाइप आखूड होता. तो गच्चीच्या कठड्याशीच संपायचा. चैत्रात शालनबाईंनी गच्चीवर कुरडया घातल्या आणि युनिफॉर्मचं निळं तूस उडून त्यांना चिकटायला लागलं. त्यांनी वरूनच हाक दिली होती, "वर्षाली, त्ये तोंड फिरव की बाई दुसरीकडं! तुज्याच डोहाळजेवनाला तळायच्यात ह्या. निळ्या कुरडया खाशील व्हय?"

हसतच म्हणाल्या होत्या. पण जागा त्यांची, वय त्यांचं. भाडेकरू नाही कसं म्हणणार? दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची खिडकी होती. कुरडया वाळेपर्यंतचाच प्रश्न, म्हणून ज्योतीरामने पाइपाचं तोंड शेडच्या आत वळवलं. रस्त्याची धूळ धुतलेल्या कपड्यांवर बसू नये म्हणून शटर तर नेहमीच खाली असायचं.

त्याच दिवशी ज्योतीराम माल पोचवायला गेला आणि दुपारी वर्षालीचं डोकं गरगरायला लागलं. शेडच्या दाराशी येऊन तिने शालनबाईंना सांगितलं. जळलेल्या गॅसमधल्या विषाला वास नसतो, रंग नसतो. आणि पोटुशी बाईला चक्कर यायचीच, हे शालनबाई चार बाळंतपणांवरून ओळखून होत्या.

"उन्हात हुबी ऱ्हाऊ नगंस," त्या मायेने म्हणाल्या होत्या. "आतच पड जरा."

ज्योतीरामने परत आल्यावर तिला उचलून बाहेर आणलं. वर्षाली वाचली. पोटातलं गेलं.

त्यावर शालनबाईंना कुणीही एका शब्दाने बोललं नाही. हॉस्पिटलात ज्योतीराम सगळ्यांना सांगत राहिला, पाइप मीच आत वळवला, चूक माझीच. दादासाहेब म्हणाले, आई, तुला काय ठाऊक होतं? सगळेच इतके समजूतदार निघाले की शालनबाईंना रडायलाही जागा उरली नाही.

शेवटी ड्रायर आडवा करून चढवला. दोर आवळले गेले. वर्षाली शेडमधून पिशवी घेऊन आली. चेहरा उतरलेला, पण केस नीट विंचरलेले. येऊन ती सरळ शालनबाईंच्या पायाशी वाकली.

शालनबाईंनी झटकन पाय आत ओढून घेतले.

"नगं गं. माज्या पाया नगं पडूस."

"असं कसं, आज्जी? तुम्ही मोठ्या." वर्षालीने तरी हात पोचवलाच. "काही चुकलं असंल आमचं तर माफ करा."

"मला बोल की गं कायतरी!" शालनबाईंचा आवाज चिरकला. "शिव्या घाल. तुजा हक हाय. मीच म्हनले हुते तुला, आतच पड म्हनून."

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. शालनबाईंच्या मांडीवरून डबा घसरायला लागला होता. तो वर्षालीने धरला.

"ह्ये तुला आनलं हुतं," शालनबाई म्हणाल्या. "पन द्यायचा धीर न्हाई झाला."

वर्षालीने झाकण काढलं. "त्या दिवशीच्याच का ह्या?"

"व्हय."

तिने वरची एक कुरडई अलगद उचलली, उजेडाकडे धरली, फिरवून दोन्ही बाजूंनी पाहिली.

"पांढऱ्याशुभ्र झाल्यात, आज्जी," ती म्हणाली. "कुठं एक धागा न्हाई."

मग तिने कुरडई मोडणार नाही अशी जपून परत ठेवली, झाकण लावलं, डबा शालनबाईंच्या मांडीवर नीट बसवला आणि टेम्पोत जाऊन बसली.