शिकरण

"बेन, फरी कशुंज नथी ऊग्युं," लॅबमधल्या माणसाने फोनवर सांगितलं आणि डॉक्टर मैथिलीचं डोकंच फिरलं. तिच्या पेशंटच्या, पीयूषच्या, जंतू वाढतात का बघायला ठेवलेल्या रक्ताच्या बाटल्या पुन्हा कोऱ्या! हृदयाच्या झडपेवर जंतूंचा गोळा इकोत ढळढळीत दिसतोय, रोज हुडहुडी भरून ताप चढतोय, आणि बाटलीत म्हणे काही नाही. जंतू कोणता ते कळल्याशिवाय औषध तरी कोणतं द्यायचं? म्हणून तर तिने वरिष्ठांची बोलणी खाऊन सगळी अँटिबायोटिक्स बंद ठेवली होती. आणि हा गोळा काही तिच्यासाठी थांबून राहणार नव्हता.

ती तरातरा वॉर्डात गेली. पीयूष भिंतीकडे तोंड करून पडला होता. नशेची इंजेक्शनं टोचून टोचून दोन्ही हातांच्या शिरा सुतळीसारख्या कडक झालेल्या. रक्त काढायला बसलं की घाम फुटायचा, तिलाही आणि त्यालाही. शेजारी त्याची आई, मंदाकाकू, डबा उघडत होत्या.

"खरं सांग, लपून काय घेतोस?"

"काही नाही, मॅडम."

"मग जंतू काय हवेत विरले? अँटिबायोटिक पोटात जातंय तुझ्या. कोण आणून देतं? ते छाणी भागातले नशेबाज दोस्त?"

"आईशप्पथ, काही नाही घेतलं."

मैथिली वैतागून हसली. असल्या शपथा तिने याच खाटांवर ढिगाने ऐकल्या होत्या. "तुझ्या शपथेवर कोण विश्वास ठेवणार, सांग?"

काकू मान खाली घालून केळ्याचं शिकरण ढवळत राहिल्या.

"आधी दोन घास खाऊ द्या त्याला, बेन. मग रागवा."

वाटी पुढे आली तशी मैथिलीची नजर तिच्यात गेली. केळ्याच्या फोडीला गोळीचा अर्धवट कुस्करलेला तुकडा चिकटला होता.

"काकू, हे काय?"

काकूंचा हात थांबला. "लहरीपुऱ्यातल्या आमच्या डॉक्टरांची गोळी. हा लहानपणापासून गोळी गिळत नाही, शिकरणातूनच द्यावी लागते." मग एकदम उसळल्या, "तुम्ही औषधच बंद केलंत! छोकरा तापाने फणफणतोय आणि तुम्ही नुसतं रक्त काढताय. मी काय बघत बसू?"

"अहो, पण सांगायचं नाही का? मी रोज घसा फोडून विचारतेय!"

"त्याला विचारत होता, बेन. मला कुठं विचारलंत?"

राग कुणावर काढावा हे मैथिलीला कळेना. ती स्टुलावर बसली. "आता ही गोळी बंद करायची, अंगातून उतरू द्यायची आणि पुन्हा रक्त काढायचं," ती थकून म्हणाली. "पण काढायचं कुठून? एक शीर धड नाही उरली."

पीयूष उठून बसला. आईच्या हातातली वाटी घेऊन त्याने ती लांब सरकवली. मग पायातला मोजा काढला आणि घोट्याच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं. तिथे कातडीखाली निळी, मऊ, एकही सुई न लागलेली शीर होती.

"ही घ्या, मॅडम," तो म्हणाला. "माझ्या सुईसाठी राखून ठेवली होती."