पश्चात्तापाची चाल

“आपण सारे पापी आहात!” हन्नाबाई कडाडून गायली आणि गाता गाता तिने पलीकडच्या बाकावरच्या जावेकडे पाहिलं. सखूबाईने तीच ओळ आणखी वरच्या सुरात परत केली.

एकीच्या शेळीने दुसरीची वांगी खाल्ल्यापासून दोघींचं बोलणं बंद होतं. त्यांचा समेट व्हावा म्हणून अमेरिकेहून आलेल्या मेथडिस्ट पाद्रीसाहेबांनी स्वतः मराठीत हे पश्चात्तापाचं गीत रचलं होतं. सगळी मंडळी एकमेकांकडे बघत असं काही गायली की चर्चची कौलं दणाणली. एवढा पश्चात्ताप पाहून साहेबांचे डोळे भरून आले.

घरी आल्यावर मडमने कपाळाला हात लावला. बायकांत बसून तिचं मराठी पक्कं झालं होतं. “अहो, ‘आहात’ म्हणजे समोरचे पापी! ‘आहोत’ म्हणा, म्हणजे आपणही त्यात आलो.”

पुढच्या रविवारी साहेबांनी शब्द सुधारला. पहिल्याच ओळीला सगळ्यांचे घसे बसले. कोणी खोकलं, कोणी पदर सावरत बसली. शेवटपर्यंत गात राहिले ते एकटे साहेब.

उपासना सुटल्यावर दोघी जावा खांद्याला खांदा लावून त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या.

“तुम्ही बोलायला लागलात!” साहेब हरखले.

“बोलावंच लागलं,” हन्नाबाई म्हणाली. “चांगल्या गाण्याची चाल बिघडवलीत तुम्ही.”

“चाल तीच आहे, बाई. एकच शब्द बदललाय.”

“मग तो शब्द,” दोघी एका सुरात म्हणाल्या, “आमच्या पट्टीत बसत नाही.”